वाढत्या अंगाची सायकल

मध्यम स्थितीतील सुशिक्षित घरांनी पिढ्यानपिढ्या एक नियम पाळला आहे. मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवावे, आणि थोरल्यास आखूड झाले की धाकट्याने वापरावे. या नियमावर कित्येक एकत्र कुटुंबांचे संसार निभावले, आणि त्याची टवाळी करण्याची आमची मुळीच इच्छा नाही. परंतु अलीकडे घरोघरची तरुण मंडळी ज्या एका वस्तूची मागणी करू लागली आहेत, तिला हा नियम लावला असता पैसा आणि उत्साह ही दोन्ही वाया जातात. ती वस्तू म्हणजे शर्यतीच्या धाटणीची, खाली वळलेल्या हँडलची व बारीक टायरांची सायकल. तिला आता सर्वत्र रोड बाइक म्हणतात. आम्हीही तेच नाव वापरतो.

ही मागणी एकाएकी उत्पन्न झालेली नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सायकल शर्यत जोडीने पुरी केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली तीच शर्यत एकट्याने पुरी केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी २०१८ साली, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा सायकलीवर केली. पुढे २०२० च्या टाळेबंदीत सायकलींना एकदम मागणी आली, आणि व्यवहार पूर्ववत सुरू झाल्यावर त्यांतील पुष्कळ सायकली गॅलरीत धूळ खात पडल्या किंवा विकावयास निघाल्या. नव्या रोड बाइकची किंमत ऐकून घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, "आधी जुनी घे, चार महिने टिकलास तर नवीचे पाहू." हा सल्ला आमच्या मते सर्वस्वी योग्य आहे. नवशिक्याने वापरलेली सायकल घेण्यात कमीपणा काहीच नाही. प्रश्न एवढाच की, ती कोणती घ्यावी आणि पारखावी कशी.

येथे वडील मंडळींचा अनुभव थोडा आड येतो. पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. आजोबांच्या काळची काळी, अठ्ठावीस इंची, उंच सायकल ही खरोखर कुटुंबाची सायकल होती. सकाळी वडील तिच्यावर कचेरीस जात, सायंकाळी काका भाजी आणीत, आणि दुपारच्या वेळी दहा वर्षांचा मुलगा दांडीखालून पाय घालून तीच चालवी. तिच्यावर मनुष्य ताठ बसे, सारा भार रुंद सीटवर पडे, आणि फेरी असे मैल-दोन मैलांची. त्यामुळे माप चार बोटे चुकले तरी बिघडत नसे.

रोड बाइकची गोष्ट निराळी आहे. तिच्यावर शरीर पुढे झुकलेले असते. भार सीट, दोन्ही हात आणि दोन्ही पाय यांवर वाटला जातो, आणि याच स्थितीत तास-दोन तास काढावयाचे असतात. मिनिटास ८० फेरे या बेताच्या गतीने पेडल मारले, तरी एका तासात प्रत्येक गुडघा ४,८०० वेळा वाकतो. सीट इंचभर खाली असली तर गुडघ्याच्या पुढील बाजूस दुखू लागते. इंचभर वर असली तर मागील बाजूस ओढ बसते आणि कंबर डावीउजवीकडे डोलू लागते. हँडल फार लांब पडले तर मान, खांदे व मनगटे आखडतात. एवढ्या वेळा केलेली चूक लहान राहत नाही.

आता एकत्र कुटुंबात काय घडते ते पाहा. सायकल घ्यावयाची ठरली की ती सर्वांसाठी घ्यावयाची ठरते. निदान खर्च सामाईक असल्यामुळे तसे म्हणावे तरी लागते. निवड करतो घरातील उंच मुलगा. त्याच्या उंचीची सायकल येते, आणि मग त्याच्याहून अर्ध्या फुटाने ठेंगण्या बहिणीस किंवा वहिनीस सांगण्यात येते, "तूही चालव की, सायकल घरचीच आहे." ती बिचारी सीट अगदी तळाशी नेऊन, हात ताणून, बोटे ब्रेकपर्यंत जेमतेम पोहोचवीत तीन रविवार प्रयत्न करते. चौथ्या रविवारी ती उठत नाही. घर म्हणते, "हिला जमले नाही." पुष्कळदा तीही तसेच म्हणू लागते. वास्तविक तिच्या अंगी काहीच कमी नसते. सायकल तिच्या मापाची नसते, एवढेच. चौदा वर्षांच्या मुलास 'दोन वर्षांनी बसेल' म्हणून मोठी सायकल घेऊन दिली, तरी हाच प्रकार होतो. दोन वर्षांनी सायकल मापाची होते खरी, पण तोवर हौस फिटलेली असते.

म्हणून या लेखात आम्ही जे सांगणार आहोत त्याचा सारांश आधीच देतो. वापरलेल्या सायकलीचा टायर, साखळी, सीट, ब्रेक यांपैकी काहीही पैसे टाकून बदलता येते. सांगाड्याचे माप मात्र बदलता येत नाही. याकरिता आधी कोण चालविणार ते ठरवावे, त्याचे किंवा तिचे माप घ्यावे, आणि मगच बाजार पाहावा.

माप घरी घेता येते. अनवाणी भिंतीस पाठ लावून उभे राहावे. दोन्ही पायांमध्ये एखादे जाड, ताठ पुठ्ठ्याचे पुस्तक धरून ते सीटप्रमाणे वर घट्ट दाबावे आणि त्याच्या वरच्या कडेची खूण भिंतीवर करावी. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतची उंची म्हणजे पायाची लांबी. हिला ०.८८३ ने गुणले असता जो आकडा येतो, तितके अंतर पेडलांच्या आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत असावे. पायाची लांबी ८० सेंटीमीटर असेल तर हे अंतर सुमारे साडेसत्तर सेंटीमीटर येते. हा आकडा काही ब्रह्मवाक्य नव्हे. पुढे थोडे खालीवर करावे लागते. परंतु आरंभ करण्यास तो पुरेसा आहे.

सांगाड्यावर ५०, ५२, ५४ असे सेंटीमीटरांचे आकडे किंवा एस, एम, एल अशी अक्षरे असतात. त्यांवर सर्वस्वी विसंबू नये, कारण प्रत्येक कंपनीची मोजण्याची रीत वेगळी आहे; एकीची एम ही दुसरीच्या एलएवढी निघू शकते. खरी परीक्षा बसूनच होते. सायकलीच्या वरच्या आडव्या नळीवर दोन्ही पाय टेकून उभे राहिले असता नळी आणि शरीर यांत निदान दोन-तीन सेंटीमीटर जागा उरली पाहिजे. सीट वर सांगितल्याप्रमाणे लावून ब्रेकांच्या मुठींवर हात ठेवले असता कोपरे किंचित वाकलेली राहिली पाहिजेत, आणि मान न आखडता समोरचा रस्ता दिसला पाहिजे. हँडल धरून ठेवणारा जो आखूड दांडा असतो, ज्याला दुकानदार स्टेम म्हणतात, तो बदलून एक-दोन सेंटीमीटरचा फरक भरून काढता येतो. त्याहून अधिक फरक असेल तर ती सायकल कितीही स्वस्त मिळो, दुसऱ्यासाठी ठेवून द्यावी.

दोघांनी एक सायकल वापरणे अशक्यच आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही. दोघा भावांच्या किंवा नणंद-भावजयींच्या पायांच्या लांबीत दोन-तीन सेंटीमीटरांचेच अंतर असेल, तर सीटच्या दांड्यावर रंगीत चिकटपट्टीच्या दोन खुणा करून ठेवाव्या आणि ज्याची पाळी असेल त्याने सीट आपल्या खुणेवर आणावी. अंतर त्याहून बरेच मोठे असेल, तर मात्र एका चांगल्या सायकलीऐवजी दोन साध्या सायकली घेणे शहाणपणाचे.

आता पारख. सायकल दिवसाउजेडी, पुसून स्वच्छ केलेली पाहावी. शक्य असल्यास जाणता मिस्त्री किंवा दोन-चार वर्षे सायकल चालविणारा स्नेही बरोबर न्यावा. प्रथम सांगाडा पाहावा. खालची तिरकी नळी जेथे पुढच्या मानेस मिळते तेथे, सीटच्या नळीच्या वरच्या सांध्याशी, आणि पेडलांच्या आसाभोवती नख फिरवून पाहावे. रंगावर केसासारखी रेघ दिसली आणि ती सांध्याला धरून जात असली तर सौदा तेथेच संपवावा. अॅल्युमिनियमच्या सांगाड्यास गेलेला तडा सहसा विश्वासाने सांधता येत नाही. पोलादी सांगाडा वजनास थोडा जड, पण चिवट. कुशल कारागीर तो दुरुस्तही करू शकतो. कार्बन तंतूंचा सांगाडा हलका व देखणा खरा, परंतु पडझडीने त्यास आतून झालेली इजा बाहेरून दिसेलच असे नाही. नाण्याने हलके ठोकीत गेले असता एखाद्या जागी आवाज एकदम दबका आला तर संशय घ्यावा. ज्या सायकलीचा पूर्वेतिहास ठाऊक नाही अशी कार्बनची सायकल नवशिक्याने न घेणे बरे.

दुसरी गोष्ट सीटच्या दांड्याची. ही क्षुल्लक वाटते, पण मापाच्या दृष्टीने हिच्याइतकी महत्त्वाची दुसरी नाही. विक्रेत्यास स्क्रू सैल करावयास सांगून दांडा प्रत्यक्ष वरखाली करून पाहावा. घाम, पावसाचे पाणी, आणि मुंबई-कोकणाकडील खारी हवा यांमुळे दांडा नळीत धरून बसतो, विशेषतः एक धातू अॅल्युमिनियम व दुसरा पोलाद असला म्हणजे. असा चिकटलेला दांडा असलेली सायकल ही एकाच उंचीच्या मनुष्याची सायकल झाली, आणि तो मनुष्य बहुधा आपण नसतो. दांड्यावर 'एवढा आत असलाच पाहिजे' अशी खूण असते. आपल्या उंचीस सीट लावल्यावर ती नळीच्या बाहेर दिसता कामा नये.

त्यानंतर चाके. सायकल उचलून प्रत्येक चाक फिरवावे आणि ब्रेकच्या रबराजवळ दृष्टी ठेवावी. चाक थोडे औट असेल तर मिस्त्री तारा आवळून ते सरळ करतो. मोठा झोल किंवा रिमला चेप असेल तर नवे चाक आले असे समजावे. रबरी ब्रेक रिमवर घासत असल्यामुळे रिमची बाजू झिजत जाते. तिच्यावरून बोट फिरविले असता खोलगट लागली तर रिमचे आयुष्य संपत आले. चकतीचे ब्रेक असल्यास चकतीची जाडी पाहावी. शिमानोच्या चकत्या नव्या असताना १.८ मिलिमीटर जाडीच्या असतात आणि १.५ वर आल्या की बदलाव्या लागतात. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवावी. मानेत टकटक लागली, किंवा हँडल फिरविताना मध्येच अडखळले, तर तेथील छर्रे गेले. पेडलाची दांडी धरून आडवी हलवावी. हलली तर आसाचेही तेच.

साखळीची परीक्षा साध्या फूटपट्टीने होते, आणि ती प्रत्येकाने शिकून ठेवावी. सायकलीच्या साखळीच्या दोन खिळ्यांमधील अंतर बरोबर अर्धा इंच असते. म्हणजे एका खिळ्याच्या मध्यापासून पुढचा चोविसावा खिळा नेमका १२ इंचांवर आला पाहिजे. तो इंचाचा सोळावा भाग पुढे गेलेला दिसला तर साखळी बदलावयास झाली. आठवा भाग पुढे गेला असेल, तर त्या ताणलेल्या साखळीने मागील चाकावरचा दातेरी चकत्यांचा जुडगा, म्हणजे कॅसेट, हीदेखील खाऊन टाकली असे धरावे. विक्रेता 'फारशी चालवलेलीच नाही' असे म्हणत असतो. साखळी किती चालली ते स्वतःच सांगते.

शेवटी गियर. नवशिक्यास शिमानोची नावे ऐकून गोंधळ होतो, म्हणून थोडक्यात सांगतो. वापरलेल्या सायकलींत बहुधा क्लॅरिस, सोरा, टियाग्रा व १०५ ही नावे आढळतात, आणि त्यांची प्रत याच क्रमाने चढती आहे. गेल्या काही वर्षांतील क्लॅरिसमध्ये मागील चकत्या ८, सोरामध्ये ९, टियाग्रामध्ये १० आणि १०५ मध्ये ११ असतात. २०२२ पासून १०५ ची १२ चकत्यांची आवृत्तीही निघाली. रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणाऱ्यास आठ किंवा नऊ पुष्कळ झाल्या. चकत्या जितक्या कमी तितकी साखळी व कॅसेट स्वस्त, हाही लाभ आहे. मात्र सर्व गियर एकामागून एक, चढते आणि उतरते, स्वतः चालवून बदलून पाहावेत. ब्रेकच्या मुठीतच गियर बदलण्याची जी खिटी असते ती बिघडली तर सबंध मूठ बदलावी लागते, आणि तो खर्च जबर असतो.

आता हिशोब, कारण आमच्या वाचकांच्या घरी शेवटी वही उघडली जातेच. आकडे केवळ उदाहरणादाखल घेऊ. एक सायकल १६,००० रुपयांस मिळते. तिची साखळी, कॅसेट, दोन्ही टायर, तारा आणि मजुरी मिळून ९,००० रुपये लागणार. दुसरी २१,००० रुपयांस आहे. तिला साफसफाई व तेलपाणी मिळून १,५०० पुरतात. पहिली २५,००० रुपयांस पडली आणि दुसरी साडेबावीस हजारांस. म्हणून विक्रेत्याकडे जाण्यापूर्वी या सुट्या भागांचे भाव एका चिठ्ठीवर लिहून न्यावे. घासाघीस करावयाची ती त्या चिठ्ठीच्या आधारे करावी. 'साखळी व टायर बदलावे लागतील, एवढे कमी करा' असे म्हटले असता सज्जन विक्रेता रागावत नाही; उगाच निम्म्या भावाने मागितले तर मात्र बोलणे खुंटते.

खर्चात आणखी चार गोष्टी धराव्या : हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, पंप आणि कुलूप. यांपैकी हेल्मेट कधीही वापरलेले घेऊ नये. आतील फेस एकदा आघात सोसला की निकामी होतो, आणि ते बाहेरून कळत नाही. पंपाविषयीही एक सूचना. रोड बाइकच्या ट्यूबचा वॉल्व्ह बहुधा बारीक, प्रेस्टा जातीचा असतो, आणि कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्यास लागत नाही. वॉल्व्हवर बसविण्याची एक छोटी पितळी टोपी मिळते. ती व एक जादा ट्यूब नेहमी जवळ असावी. टायरचेही तसेच आहे. रोड बाइकच्या रिमवर टायर बसतो तेथील व्यास ६२२ मिलिमीटर, तर आजोबांच्या अठ्ठावीस इंचीचा ६३५. दिसावयास चाके सारखी वाटली, तरी एकीचा टायर दुसरीस चालत नाही.

शेवटची गोष्ट नीतीची आणि कायद्याची. सायकलीस मोटारीप्रमाणे नोंदणीपुस्तक नसते, त्यामुळे चोरीची सायकल विकणे सोपे झाले आहे. मूळ खरेदीची पावती मागावी. पेडलांच्या आसाखाली सांगाड्यावर जो क्रमांक ठोकलेला असतो तो पावतीशी ताडून पाहावा. आणि क्रमांक, किंमत, तारीख व विक्रेत्याची सही असा कागद करून घ्यावा. क्रमांक खरवडलेला असेल तर भाव कितीही मोहात पाडणारा असो, परत फिरावे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ अन्वये, चोरीचा माल आहे हे ठाऊक असता किंवा तसे मानण्यास कारण असता तो घेणे हा गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी, कोणा मुलाने पै पै साठवून घेतलेली वस्तू आपल्या अंगणात उभी असावी, हे कोणत्या घरास रुचेल? सायकल प्रत्यक्ष पाहण्यापूर्वी मोबाइलवरून आगाऊ पैसे मात्र कधीही पाठवू नयेत.

घरातील कर्त्या मंडळींस आमची एकच विनंती आहे. सायकलीसाठी रक्कम बाजूला काढाल तेव्हा तिच्यासमोर 'मुलांसाठी' असे मोघम न लिहिता एक नाव लिहा. तिच्यावर जो किंवा जी बसणार, त्या व्यक्तीचे माप घ्या, आणि निवडीस तिलाच बरोबर न्या. एकत्र कुटुंबात पुष्कळ वस्तू वाटून घेण्यातच गोडी असते. परंतु पोथी वाचणाऱ्याचा चष्मा जसा त्याच्याच डोळ्यांचा असावा लागतो, तशी ही सायकल तिच्या मालकाच्याच पायांची असावी लागते. एवढे सांभाळले तर साधी, दोन हात फिरलेली, रंग उडालेली सायकलदेखील पहाटे पाच वाजता मनुष्यास अंथरुणातून उठवील. न सांभाळले तर उंचातली उंच नवी सायकलही गॅलरीत कपडे वाळत घालण्याच्या कामीच येईल.